सहीसमोरचे पान

बाइंडरबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हते. जन्मभर पुस्तके शिवायला सुई धरलेले हात रिकामे झाले की कुठे ठेवावेत ते कळत नाही. त्यांनी ते आधी टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग एकमेकांत अडकवले.

"मला चोर म्हणालेत," त्या म्हणाल्या. "भर सभेत."

आत्याने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. आत्या म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचीच आत्या. खरी आत्या फक्त मास्तरांची. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात तिची उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर तिने दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. भाचा शाळेत भूमिती शिकवी. शाळा सुटली की तो आत्याकडे येई, चहा पिई आणि चुकीच्या माणसावर संशय घेई.

बाई सांगत गेल्या. गावात जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांचे एक मंडळ होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, त्याही मर्यादित आवृत्तीतल्या, हा त्या मंडळींचा जीव. अशा आवृत्तीच्या थोड्याच प्रती हातकागदावर छापत, आणि प्रत्येक प्रतीत एका सुट्या पानावर लेखक स्वतः सही करून अनुक्रमांक घाली. ते पान मग पुस्तकाच्या सुरुवातीला, शीर्षकपानासमोर, चिकटवले जाई. मंडळाच्या अध्यक्षांकडे एका किल्ल्याच्या वेढ्यावरची कादंबरी होती. सगळ्यांच्या संग्रहांतला तो मुकुटमणी.

तीच त्यांनी बाईंकडे पाठ दुरुस्त करायला पाठवली. बाईंनी केली, परत दिली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मंडळाच्या सभेत पुस्तक उघडले आणि जाहीर केले की सहीचे पान बदललेले आहे. खरे काढून खोटे चिकटवले आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने भिंगातून पाहिले आणि शाई हल्लीची आहे म्हणून मान डोलावली.

"संध्याकाळच्या आत सगळे आले," बाई म्हणाल्या. "ज्याचं त्याचं पुस्तक उचलून घेऊन गेले. एकाचं तर अर्धं शिवून झालं होतं, सुई लोंबत होती. सुईसकट नेलं. आता रविवारी मंडळ ठराव करणार, सगळ्या वाचनालयांना नि दुकानांना माझं नाव कळवणार. मग या गावात मला कुणी शाळेची वहीसुद्धा शिवायला देणार नाही."

बाईंच्या खोलीवरून जाणाऱ्यांना आतून नेहमी एक गुणगुण ऐकू यायची:

*सुई म्हणे दोऱ्याला, माझ्या मागं मागं ये,*
*मी टोचून पुढं जाते, तू सांधत सांधत ये.*

त्या सभेपासून ती ओवी बंद होती.

तुम्ही ती सही पाहिली होती का, असे आत्याने विचारले.

"माझं काम पुस्तकाच्या पाठीशी. तोंडाकडे मी कशाला निरखून बघू?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा राग उकळीला आला. या संग्राहकांची एक रीत होती. सहीचे पुस्तक बाइंडरकडे जायचे असले की मालक स्वतः त्या पानावर पातळ कागद ठेवून कडेने टाके घाली. खळीची ओल सहीला लागू नये म्हणून. अध्यक्षांचे साधेसुधे पुस्तकही या कागदाशिवाय कधी आले नव्हते. "आणि हे, एवढं मोलाचं, ते मात्र उघडंबोडकं आलं. मीच माझ्या पदरचा कागद घातला मध्ये. आणि मीच चोर."

"पाठीला काय झालं होतं?"

"वरच्या टोकाला कातडं फाटलेलं, बोटभर. तेही ताजं. आतला रंग अजून फिका होता, हात लागून काळवंडला नव्हता. म्हटलं, कपाटातून ओढताना फाटलं असेल."

आत्याने भाच्याकडे पाहिले. मास्तर बाईंच्या बोटांवरचे सुईचे व्रण बघण्यात गुंतले होते.

*

संग्राहकाला एक वेळ जेवण नाकारता येते, पाहायला आलेला माणूस नाकारता येत नाही. आत्याने नुसता निरोप धाडला की ठरावाआधी संग्रह पाहायचा आहे, आणि अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले.

काचेच्या कपाटांनी भरलेली ती खोली देवघरासारखी स्वच्छ होती आणि तितकीच गप्प. अध्यक्ष उंच, सडसडीत, बोलताना प्रत्येक शब्द रुमालाने पुसून पुढे ठेवणारे. पुढच्या महिन्यात ती कादंबरी नगर वाचनालयाला द्यायचे त्यांनी ठरवले होते. तिथे त्यांच्या वडिलांच्या नावाचे दालन होणार होते. वाचनालयाचे तज्ज्ञ पुस्तक तपासायला यायचे होते, आणि त्याआधीच हा घाला पडला, असे त्यांनी सांगितले. घाला हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

त्यांनी आधी दुसऱ्या कादंबऱ्या दाखवल्या. पहिलीच उघडली तेव्हा डाव्या पानावर तपकिरी पडलेली सही होती. उजवीकडच्या शीर्षकपानावर काहीतरी पुसट, पिवळट उमटलेले होते.

"अरेरे, डाग पडलाय," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दुखल्यासारखे झाले. "डाग नव्हे हो मास्तर. सावली आहे ती. जुनी शाई कागद खाते. सही शंभर वर्षं समोरच्या पानाला चिकटून राहिली की तिची उलटी सावली तिथे उतरते. ही सावली म्हणजे सहीचं सोनं. म्हणून आम्ही घरात मध्ये कागद ठेवत नाही. पानाला पान लागलेलंच ठेवतो. हे बघा."

त्यांनी आणखी दोन पुस्तके उघडली. दोन्हीकडे तीच सावली, आरशातल्यासारखी उलटी.

"प्रत्येक खऱ्या सहीला असते?" आत्याने विचारले.

"या शाईच्या प्रत्येक सहीला. पोरांनासुद्धा कळेल असं लक्षण आहे."

मग त्यांनी किल्ल्याची कादंबरी काढली. पाठीचे नवे काम इतके नेटके होते की जुने कुठे संपले नि नवे कुठे सुरू झाले ते बोटालाही कळू नये. सहीचे पान डावीकडे. उजेडात धरले की शाईत निळसर झाक दिसे. उजवीकडे शीर्षकपान, न्हाऊन माखून बसलेल्या तान्ह्या मुलासारखे कोरे करकरीत, मध्ये छापलेली अक्षरे तेवढी.

आत्या पुस्तकाच्या वरच्या कडेवर वाकली. पाने वरून एकमेकांना जोडलेली होती. मोठा कागद छापायचा, घडी घालायची, शिवायचे. आणि वाचणाऱ्याने सुरीने घडी कापायची, अशी जुनी पद्धत. इथे ती सुरी फिरलीच नव्हती. शीर्षकपानही पुढच्या पानाला वरून जोडलेले होते आणि त्या घडीवर वर्षानुवर्षांच्या धुळीची राखाडी रेघ सलग बसलेली होती.

"छापल्यापासून हे कुणी वाचलेलं नाही," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

"बिचारं," आत्या म्हणाली.

*

अध्यक्षांची सून आत्याला नि मास्तरांना फाटकापर्यंत सोडायला आली. ती दुपारी मुलांच्या शिकवण्या घेई. ती कादंबरी तिने वाचायला मागितली होती. सासरे म्हणाले होते, वाचायची असेल तर वाचनालयातली आण, ही बघायची आहे.

पुस्तक बाइंडरबाईंकडे तीच घेऊन गेली होती. आत्याने विचारले तेव्हा तिने आधी मागे वळून घराकडे पाहिले.

"एरवी बाबा स्वतः जातात. गाडीतून, मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळासारखं. या वेळी मला म्हणाले, बाजारात चाललीच आहेस तर टाकून ये. कापडी पिशवीत त्यांनीच घालून दिलं, वर गाठ मारली. मी बसने गेले."

गाठ वाटेत सोडली का, या प्रश्नावर ती हसली. "त्यांनी मारलेली गाठ सुटते होय? बाइंडरबाईंनी दाताने सोडवली."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पलीकडच्या गावात जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन भरले होते. तिथे याच कादंबरीची दुसरी सहीची प्रत मांडलेली होती. बाबा तिच्यासमोर खूप वेळ उभे राहिले. घरी आल्यावर डोके दुखते म्हणाले, जेवले नाहीत, आपले पुस्तक घेऊन खोलीचे दार लावून बसले. पुस्तक बाइंडरकडे गेले ते त्यानंतरच.

वाटेत मास्तरांनी आपला निकाल सांगितला. सुनेला पुस्तक वाचू दिले नाही, पिशवी तिच्या हातात होती, तेव्हा सूनच.

"वाचायला मिळालं नाही म्हणून सहीचं पान चोरलं?" आत्या म्हणाली. "अरे, पोळी मिळाली नाही म्हणून कुणी ताट चोरतं का?"

*

दुकानदाराचे दुकान म्हणजे पुस्तकांचा बोगदा. तो त्याच्या तोंडाशी स्टुलावर बसलेला, गोल, हसरा, लोण्यासारखा. ती कादंबरी त्यानेच कितीतरी वर्षांपूर्वी अध्यक्षांना विकली होती. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते. नवा छंद लागलेले तरुण गृहस्थ होते.

"सही पाहिली आणि विरघळले," तो म्हणाला. "बाकी काही पाहिलंच नाही. खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत. पुढे त्याच पुस्तकाने त्यांना अध्यक्ष केलं म्हणा ना."

आत्याने त्याच्या पारखीचे भरपूर कौतुक केले. लोण्याला ऊब लागली. मग तिने सहज विचारले, तुम्ही स्वतः विकण्याआधी नीट तपासलं असेलच. समोरच्या पानावर सावली होती ना?

"होती म्हणजे काय. ठसठशीत. सहीच्या शेवटाला जे लांब शेपूट आहे ना, तेसुद्धा उलटं उमटलं होतं. या दोन डोळ्यांनी पाहिलंय."

"सभेत हे सांगाल?"

"शपथेवर," दुकानदार म्हणाला.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "संपलंच की मग. सावली होती म्हणजे सही खरी होती. खरी होती ती गेली. आणि मधल्या काळात पुस्तक होतं बाइंडरबाईंकडे." त्यांचा आवाज पडला. "वाईट वाटतं गं आत्या. त्यांचे हात बघून वाटलं नव्हतं."

आत्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि मास्तरांना लहानपणापासून ठाऊक होते की आत्याचे असे झाले की कुणाचे तरी काही खरे नसते.

*

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचे सगळे सभासद जमले. बाइंडरबाई मागच्या रांगेत, भिंतीला लागून. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जणू चोरी साथीसारखी पसरते. मास्तर मुद्दाम जाऊन एका खुर्चीवर बसले.

चिटणीसांनी ठराव वाचायला घेतला तेव्हा आत्या उठली आणि म्हणाली, ठराव जरूर करा, पण आधी पुस्तक टेबलावर ठेवा. अध्यक्षांनी ठेवले. त्यांना वाटले असावे, पुरावा जितका उघडा तितका बरा.

आत्याने दुकानदाराला त्याची साक्ष पुन्हा सांगायला लावली. त्याने ती अधिक रंगवून सांगितली. सावली, शेपूट, दोन डोळे, सगळे.

"आता मंडळींनी एकेक करून यावं," आत्या म्हणाली, "आणि शीर्षकपानावरची ती सावली मला दाखवावी."

खुर्च्या सरकल्या. माणसे वाकली, चष्मे पुसले गेले. सावली कुणालाच सापडली नाही.

"चोराने सहीचं पान काढून नेलं असं आपण म्हणतो. पण सावली त्या पानावर नसतेच. ती समोरच्या पानावर असते. सही गेली तरी सावली मागे राहायला हवी. ती कुठाय?"

"धुतलं असेल तिने पान," दुकानदार घाईने म्हणाला. "किंवा तेही बदललं असेल."

आत्याने पुस्तक उभे करून वरची कडा सगळ्यांकडे वळवली. "हे शीर्षकपान आणि पुढचं पान एकच कागद आहे. वरची घडी कापलेली नाही. पान बदलायचं तर घडी फाडावी लागते. धुवायचं तर पाणी घडीपर्यंत चढतं आणि ही धुळीची रेघ ओघळते. रेघ बघा. दोरी मारून आखल्यासारखी सरळ आहे. या पानाला कुणी बदललं नाही, धुतलं नाही. आणि याच्यासमोर जुनी सही कधी नव्हतीच. बिनसहीच्या साध्या प्रतीला खोटं पान चिकटवून हे पुस्तक विकलं गेलं. बाइंडरबाईंनी चोरावं असं यात काही नव्हतंच."

सगळ्यांचे डोळे दुकानदाराकडे वळले. लोणी आता घामाने चकाकत होते. जी सावली कधी नव्हतीच, ती शेपटासकट पाहिल्याचे तो शपथेवर सांगून बसला होता. बाइंडरबाईंना चोर ठरवण्यातच त्याचे हित होते; सही चोरीला गेली म्हटले की ती विकताना खरी होती असे आपोआप ठरते. तो काही पुटपुटला, ते कुणी ऐकले नाही.

अध्यक्ष सावकाश उठले. त्यांचा चेहरा दुःखी आणि भारदस्त होता. "म्हणजे इतकी वर्षं माझी फसवणूक झाली. माझ्यासारख्या जाणकाराची. बाईंबद्दल माझा गैरसमज झाला, तो या माणसामुळे."

काही सभासदांनी सहानुभूतीने माना हलवल्या. सभा तिथेच संपली असती, आणि नेहमीप्रमाणे मोठ्या माणसाचा गैरसमज हाही त्याचा मोठेपणा ठरला असता.

"बसू नका," आत्या म्हणाली. "तुमचं राहिलंय."

अर्धे वाकलेले अध्यक्ष पुन्हा सरळ झाले.

"सावली म्हणजे सहीचं सोनं, हे मला तुम्हीच शिकवलंत. पोरांनाही कळतं म्हणालात. मग या पुस्तकासमोर सभेत उभं राहून तुम्ही पान बदललं एवढंच म्हणालात, सावलीबद्दल एक अक्षर नाही. का? प्रदर्शनात तुम्ही दुसरी प्रत पाहिलीत. तिच्यात सावली होती. घरी येऊन दार लावून आपली उघडलीत. नव्हती. इतकी वर्षं हा मुकुटमणी काचेआड होता, शंका घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तुम्हाला त्या दिवशीच कळलं."

"हा तर्क आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तर्क असता तर मी घरी बसले असते. तुमची साधी पुस्तकंसुद्धा सहीवर कागद शिवल्याशिवाय बाइंडरकडे जात नाहीत. इथल्या सगळ्यांची ती रीत आहे. हे एकटं उघडं गेलं. तुमची पुस्तकं तुमच्या मांडीवर बसून जातात. हे बाजाराच्या पिशवीतून बसने गेलं. पिशवीची गाठ तुम्हीच मारलेली. का? तर त्या सहीला जपण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. माणूस तोंडाने खोटं बोलू शकतो, पण खोट्या वस्तूला खऱ्यासारखं जपायला हात तयार होत नाहीत."

अध्यक्षांनी आपले हात पाठीमागे नेले.

"आणि पाठीचं कातडं. जुनं फाटलेलं कातडं हात लागून काळवंडतं. हे आतून फिकं होतं. काचेच्या कपाटात जपलेल्या पुस्तकाची पाठ ऐन वेळी ताजी फाटते, आणि तेही वाचनालयाचे तज्ज्ञ यायच्या आधी. बाइंडरकडे पाठवायला निमित्त हवं होतं. ते तुम्ही तुमच्या हाताने फाडलंत."

मास्तर खुर्चीच्या कडेवर आले होते. "पण फसवलं त्या दुकानदाराने," ते न राहवून म्हणाले. "त्याला का नाही धरलं यांनी?"

"धरलं असतं तर म्हणावं लागलं असतं, की मी सही पाहून विरघळलो, बाकी काही पाहिलं नाही. ज्या पुस्तकाने अध्यक्ष केलं ते खोटं निघालं. वडिलांच्या नावाच्या दालनात ठेवायचं होतं ते खोटं निघालं." आत्याचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली आला की मागच्या रांगा पुढे झुकल्या. "फसलेला माणूस म्हणून चार लोक हसले असते, चार दिवस. ते सोसायचं नव्हतं. मग एक बाई शोधली. जिच्या बाजूने कुणी बोलणार नाही, जिचं सगळं नाव तिच्या दहा बोटांत आहे. स्वतःची लाज त्यांनी तिच्या दारात नेऊन टाकली. आणि तुम्ही सगळे, शिकलेसवरलेले, एका संध्याकाळच्या आत पुस्तकं उचलून घेऊन आलात. एकानेही तिला विचारलं नाही की बाई, काय झालं."

कुणी वर पाहीना. चिटणीसांनी ठरावाचा कागद हळूच दुमडला.

अध्यक्ष अजून उभेच होते. त्यांनी घसा साफ केला. मागच्या रांगेकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, की मंडळाच्या वतीने आपण जाहीर करतो, बाई निर्दोष आहेत, आणि घडल्या प्रकाराबद्दल मंडळाला खेद वाटतो.

माणसे सुटल्यासारखी हलली. कुणी टाळी वाजवायच्या बेतात होते.

बाइंडरबाई उठल्या.

"मी निर्दोष आहे ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही मला सांगू नका. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"मी म्हटलं ना, खेद…"

"मंडळाला खेद नका लावू. मंडळाने कातडं फाडलं नाही. मला चोर म्हणालात तेव्हा 'मी म्हणतो' म्हणाला होतात. तसंच म्हणा. भिंतीकडे नको, इकडे बघून."

बाईंचे हात आता जागा शोधत नव्हते. मास्तरांनी आत्याकडे पाहिले. आत्या बाईंकडे बघत होती, आणि मध्ये पडायचा तिचा मुळीच विचार दिसत नव्हता.

अध्यक्षांनी मान वळवली. बराच वेळ लागला. तो सडसडीत, उंच माणूस सगळ्यांच्या देखत बुटका होत गेला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "सही खोटी आहे, हे पुस्तक तुमच्याकडे पाठवण्याआधीच मला माहीत होतं. मी... मी तुमच्यावर ढकललं."

बाईंनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतले. मान हलवली नाही, माफ केले असे म्हणाल्या नाहीत. समोरची वाट मोकळी झाली होती. माणसे आपोआप बाजूला झाली होती. बाई त्या वाटेने सरळ चालत दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या उन्हात उतरल्या.